सहाचे पाच: पोर्सेलिन आणि दरबारी शिल्पकार केंडलर

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या झ्विंगर महालातल्या पोर्सेलिन संग्रहात पांढऱ्या प्राण्यांचा एक मोठा कळप उभा आहे. सिंह, गिधाडं, बगळे, पिल्लाला पाजणारी शेळी. त्यातले बरेचसे खऱ्या प्राण्याच्या मापाचे किंवा त्या मापाच्या जवळ जाणारे. हे सगळे साधारण १७३० ते १७३५ या वर्षांत जवळच्याच मायसेन गावच्या कारखान्यात घडले. लांबून पाहिलं तर संगमरवर वाटतो. जवळ गेलं की पोटाखाली, मांडीवर, खांद्यापाशी चिरा दिसतात. काही केसाएवढ्या, काही चांगल्या रुंद, नंतर लुकणाने भरलेल्या. कपबशीला अशी चीर गेली असती तर ती फोडून टाकली असती. हे प्राणी मात्र तसेच राजाकडे गेले, कारण याहून चांगले निघतील याची खात्री कुणालाच नव्हती.

या चिरा का पडल्या हे नीट समजून घेतलं, की योहान योआखिम केंडलर या शिल्पकाराने पुढची ४० वर्षं जे केलं ते का केलं, हेही उलगडत जातं.

माती चिनी, पण कुठली?

आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी माती म्हणतो आणि नाजूक कपालाही. बरणी जाड आणि अपारदर्शक. तिची माती दगडासारखी घट्ट भाजलेली असते, तिच्यातून उजेड जात नाही. पोर्सेलिन वेगळं. कप उजेडापुढे धरला तर पलीकडे बोटांची सावली दिसते, नखाने टिचकी मारली तर घंटेसारखा नाद येतो.

हा फरक मिश्रणातून आणि आगीतून येतो. आज मायसेनमध्ये वापरतात त्या मिश्रणात निम्म्याहून बरंच जास्त केओलिन असतं. ही पांढरी, लोह जवळपास नसलेली माती. ती आकार धरते आणि आगीत उभी राहते. उरलेल्यात फेल्डस्पार नावाचं खनिज आणि क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी. साधारण १४०० अंश सेल्सिअसला फेल्डस्पार वितळतो, क्वार्ट्झचा काही भाग विरघळवून घेतो आणि केओलिनच्या कणांमधल्या फटी भरून काढतो. भट्टीतून बाहेर येते ती धड मातीही नसते आणि धड काचही नसते.

चीनमध्ये हे शेकडो वर्षं चालू होतं. युरोपात १७०८ साली ड्रेस्डेनमध्ये योहान फ्रीडरिश ब्योटगर आणि शास्त्रज्ञ चिर्नहाऊस यांना ते पहिल्यांदा साधलं. सोनं बनवून दे म्हणून ब्योटगरला सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने पहाऱ्यात ठेवलं होतं. १७१० मध्ये मायसेनच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना सुरू झाला. किल्ला निवडण्यामागे एक साधं कारण होतं: दार लावलं की गुपित आत राहतं. या ऑगस्टसला पोर्सेलिनचं वेड होतं, हे म्हणताना अतिशयोक्ती होत नाही. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडदळ सैनिक देऊन त्याबदल्यात १५१ चिनी भांडी घेतली होती.

अशा राजाला ताटवाट्यांवर समाधान कसं वाटेल? एल्ब नदीकाठी त्याने ‘जपानी महाल’ सजवायला घेतला आणि त्यात पोर्सेलिनचे शेकडो प्राणी आणि पक्षी हवेत असा हुकूम काढला. एवढं मोठं काम पोर्सेलिनमध्ये युरोपात तोवर कुणीच केलं नव्हतं.

पाद्र्याचा मुलगा किल्ल्यावर येतो

केंडलर १७०६ मध्ये ड्रेस्डेनजवळच्या फिशबाखला जन्मला. वडील पाद्री. १७२३ पासून तो दरबारी शिल्पकार बेंजामिन थोमे याच्याकडे शिकला. राजाच्या रत्नभांडाराच्या, म्हणजे ‘हिरव्या तिजोरी’च्या दालनांच्या सजावटीत त्याने हात चालवला. १७३० मध्ये ऑगस्टसने त्याला दरबारी शिल्पकार केलं आणि १७३१ मध्ये मायसेनला पाठवलं. वय पंचवीस. दगड आणि लाकूड हातात मुरलेलं, पोर्सेलिनचा अनुभव शून्य.

तिथे योहान गोटलीब किर्शनर हा शिल्पकार आधीपासून होता. दोघांच्या पद्धतीतला फरक गेंड्यावरून फार छान कळतो, आणि या गेंड्याची सुरुवात आपल्याकडची आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढवला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरवला. जर्मनीत आल्ब्रेख्ट ड्यूररने तो डोळ्यांनी न पाहता, आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून लाकडी ठशात छापला: अंगावर चिलखताचे पत्रे, खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंग. दोनशेहून अधिक वर्षं युरोप तोच गेंडा खरा मानत राहिला. किर्शनरचा पोर्सेलिनचा गेंडाही त्याच चित्रावरून केलेला आहे, जास्तीच्या शिंगासकट.

केंडलर कागदावर विसंबला नाही. राजाच्या प्राणिसंग्रहात बसून त्याने जिवंत जनावरं पाहिली. म्हणूनच त्याच्या पक्ष्याची मान वळलेली असते आणि वळलेल्या बाजूची पिसं दबलेली असतात. एप्रिल १७४७ मध्ये क्लारा नावाची खरी गेंडीण ड्रेस्डेनला आली. तिला काही वर्षांपूर्वी बंगालमधून डच जहाजाने युरोपात नेलं होतं. तिलाही केंडलरने समोर पाहून घडवलं.

१७३३ मध्ये किर्शनर कारखाना सोडून गेला आणि केंडलर मॉडेलमास्टर, म्हणजे नमुने घडवणाऱ्यांचा प्रमुख झाला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ऑगस्टस वारला होता.

मूर्ती घडते कशी, आणि बिघडते कुठे

इथे सावकाश जाऊ, कारण या कलेचं मर्म इथेच आहे.

पोर्सेलिन वाळताना थोडं आणि भट्टीत पुष्कळ आकसतं. एकूण आकसणं लांबीच्या साधारण एक षष्ठांश. सहाचे पाच होतात. ६० सेंटिमीटरची शेळी हवी असेल तर नमुना ७२ सेंटिमीटरचा करावा लागतो. हे फक्त लांबीचं झालं. रुंदी आणि उंचीही तशीच घटते, म्हणून आकारमान २१६ चं १२५ होतं, शंभराचं जेमतेम ५८. पापणीची कड, बोटांमधली फट, ओठाची रेघ सगळं त्याच हिशेबाने लहान होतं आणि वरून ग्लेझचा, म्हणजे काचेसारख्या लेपाचा थर बसला की आणखी बुजतं. म्हणून नमुन्यात या जागा खऱ्यापेक्षा खोल आणि धारदार कोराव्या लागतात. दगडात मुरलेल्या शिल्पकाराला कच्चा नमुना रांगडा वाटेल, पण त्याला नजरेसमोर भाजलेली मूर्ती ठेवून काम करायचं असतं.

मूळ नमुना चिकणमातीत होतो. पुढची पायरी कठीण: तो कापायचा. डोकं, धड, हात, पाय, हातातली टोपली, टोपीचं पीस, सगळं सुटं. छोट्या आकृतीचेही दहा, वीस, कधी त्याहून जास्त तुकडे होतात. कापण्याची जागा मनाला येईल तिथे धरता येत नाही. प्रत्येक तुकड्याचा प्लास्टरचा साचा करायचा असतो आणि माती साच्यातून न अडकता सुटली पाहिजे. कोपरात दुमडलेला हात एका साच्यातून निघतच नाही. म्हणून सांधा जिथे नैसर्गिक रेघ आहे तिथे नेतात: बाहीच्या कडेला, गळपट्टीखाली, कमरपट्ट्यावर. जोड कपड्याच्या दुमडीत लपून जातो.

प्लास्टर पाणी शोषतं. त्या काळी मायसेनमध्ये मातीचा सारखा जाडीचा थर बोटांनी आणि ओल्या स्पंजने साच्यात दाबून बसवत. काही वेळाने माती आवळते आणि साच्यापासून सुटते. सगळं सारख्या जाडीवर अवलंबून असतं. एका ठिकाणी अर्धा सेंटिमीटर आणि शेजारी दीड असं झालं तर पातळ भाग आधी वाळतो आणि आकसतो. जाड भाग अजून ओला, तो तेवढा आकसलेला नसतो. चीर तिथेच पडते. साचेही कायमचे नसतात. काही डझन नग काढले की प्लास्टरच्या कडा झिजतात आणि नाक बोथट निघायला लागतं. मग मूळ साच्यावरून नवे साचे करायचे.

जोडणी करणारा कारागीर वेगळा असतो. सुट्या तुकड्यांच्या तोंडांवर तो आडव्याउभ्या रेघा ओढतो, त्याच मातीची दाट लापशी लावतो आणि तुकडे दाबून बसवतो. दोन्ही तुकड्यांत पाणी सारखंच हवं. धड चामड्यासारखं घट्ट झालेलं आणि हात अजून मऊ असेल, तर हात जास्त आकसतो आणि सांध्याशी सुटतो. हे बऱ्याचदा जोडताना कळत नाही, भट्टीतून बाहेर आल्यावर कळतं. आत पोकळी राहिली तर हवेला वाट म्हणून एक भोक ठेवावंच लागतं. भोक नसेल तर अडकलेली वाफ मूर्ती फोडते आणि शेजारच्या नगांचंही नुकसान करते. अशी भोकं बहुधा बुडाला किंवा पाठीमागच्या पानाआड असतात. जुनी मूर्ती हातात आली तर ती उलटी करून पाहावी.

मग भाजणी. आधी ९०० अंशांच्या आसपास कच्ची भाजणी, म्हणजे वस्तू सच्छिद्र राहते आणि ग्लेझ पिऊ शकते. ग्लेझमध्ये बुडवून बूड पुसून घ्यायचं, नाहीतर वितळलेली ग्लेझ वस्तूला खालच्या पाटाशी कायमची चिकटवते. दुसरी भाजणी १४०० अंशांच्या जवळपास, अग्निरोधक मातीच्या डब्यात बंद करून, म्हणजे जळत्या लाकडाची राख उडून बसत नाही. लाकडाच्या भट्टीवर तापमापक नव्हता. ज्वाळेचा रंग आणि झरोक्यातून बाहेर ओढलेले चाचणीचे तुकडे यांवरच सगळी मदार.

सर्वोच्च तापमानाला पोर्सेलिन मऊ पडतं. उन्हात ठेवलेल्या मेणासारखं स्वतःच्या वजनाने वाकायला लागतं. पुढे केलेला हात खाली येतो, टाचेवर उभा नर्तक कलतो. म्हणून सुटा हात नमुन्यात किंचित वरच बसवतात. म्हणजे भट्टीने खाली ओढल्यावर तो हव्या जागी येतो. शिवाय टेकू लावतात आणि तो टेकू त्याच कच्च्या मातीचाच लागतो. विटेचा टेकू आकसत नाही. मूर्ती आकसून खाली बसते, टेकू होता तेवढाच राहतो आणि हात मोडतो.

आता त्या शेळीकडे परत. मोठ्या प्राण्याचं वजन पेलायला भिंती जाड लागतात, आणि जाड भिंत म्हणजे आत ओली, बाहेर कोरडी. त्यात ७२ सेंटिमीटरच्या पायथ्याला ६० वर यायचं म्हणजे ते वजन घेऊन भट्टीच्या पाटावर सरकत आत यावं लागतं. पायथा जरा अडकला की वरचं अंग आकसत राहतं आणि खालचं जागेवरच. चीर पोटाखाली किंवा मांडीला का पडते, त्याचं कारण हे आहे. रंग भाजायला तिसऱ्यांदा, साधारण ८०० अंशांच्या भट्टीत घालावं लागलं असतं. आधीच चिरलेल्या प्राण्याला तो धोका कोण पत्करणार? म्हणून ते पांढरेच राहिले किंवा न भाजता वरून तैलरंगाने रंगवले गेले. तो रंग पुढे बहुतेकांवरून गेला.

किर्शनरचा गेंडा चार पायांवर उभा आहे. केंडलरने शेळी बसवली: पोट पूर्ण टेकलेलं, पाय अंगाखाली घेतलेले, पिल्लू कुशीत. त्याच्या पक्ष्यांच्या पायांमध्ये झाडाचा बुंधा येतो, शेपटी बुंध्याला मिळते. ही निवड सुंदर दिसते म्हणून झाली की भट्टीच्या धाकाने, हे वेगळं काढता येत नाही. मला तर यातच त्याचं मोठेपण वाटतं: आगीची अट त्याने प्राण्याच्या स्वभावात जिरवली.

हाताएवढ्या मूर्ती

ऑगस्टसनंतर मुलगा ऑगस्टस तिसरा गादीवर आला. त्याला चित्रांचा नाद, कारभार मंत्री हाइनरिश फोन ब्रूलच्या हाती. कारखानाही ब्रूलच्याच देखरेखीखाली गेला. जपानी महालाची घाई सरली आणि केंडलरचं काम लहान मूर्तींकडे वळलं.

दरबारी मेजवानीत शेवटच्या गोड पदार्थांबरोबर टेबलावर साखरेच्या आकृत्या मांडायची रीत होती, आपल्याकडे रुखवतात मांडतात तशी. साखर ओलावा धरते, पिवळी पडते, माश्या येतात. तिची जागा पोर्सेलिनने घेतली. इटालियन विदूषक हार्लेक्विन, गवळणी, खाणकामगार, रस्त्यावरचे विक्रेते, घेरदार झग्यातल्या सरदारणी आणि त्यांचा हात चुंबणारे सरदार. उंची वीतभर. या मापाला भिंत पातळ राहते, वजन थोडं, चिरा क्वचित, आणि रंगासाठी तिसरी भाजणी बिनधास्त करता येते.

अशी एखादी जोडी जवळून पाहा. बाईचा झगा घंटेसारखा: खाली रुंद, आतून पोकळ, सगळीकडे सारखी जाडी. भट्टीला याहून सोयीचा आकार नाही, म्हणून ती कशाच्याही आधाराशिवाय उभी राहते. तिच्या शेजारच्या पुरुषाचे पाय काडीसारखे, वर धडाचं आणि कोटाचं ओझं. त्याच्या मागे बहुधा एक झाडाचं खोड असतं आणि कोटाची शेपटी त्याला चिकटलेली असते. खोडावर पानं आणि फुलं लावलेली असतात, म्हणून आपण त्याला बाग समजतो. ते खोड काढलं तर माणूस १४०० अंशांना गुडघ्यात बसेल.

१७३७ ते १७४२ दरम्यान ब्रूलसाठी ‘हंस सेट’ झाला: शंभर माणसांच्या पंगतीसाठी २,२०० हून जास्त नग. केंडलरच्या हाताखाली योहान फ्रीडरिश एबरलाइन आणि इतर होते. थाळीवर शिंपल्यासारख्या पसरणाऱ्या रेघा, त्यावर लव्हाळ्यात पोहणारे हंस, सगळं उठावाचं. शिंपले नीट कळावेत म्हणून केंडलरने ड्रेस्डेनचा संग्रह जाऊन पाहिला. एवढा उथळ उठाव फार अवघड असतो, कारण ग्लेझ खोलगट भागात साचते आणि वरच्या कडांवरून ओसरते. उठाव थोडा कमी पडला तर हंस दिसत नाही, जास्त झाला तर ताटात चमचा अडखळतो.

या सेटवर चित्रकाराला जागाच उरली नाही. कारखान्याचा मुख्य चित्रकार योहान ग्रेगोरियस हेरोल्ट याच्या दृष्टीने भांडं म्हणजे गुळगुळीत पांढरा कागद. केंडलरच्या दृष्टीने ते शिल्प. दोघांचं वर्षानुवर्षं पटलं नाही. आज आपण मायसेनकडे पाहतो ते बहुतेक केंडलरच्या नजरेने. पण हेरोल्टने तयार केलेले रंग नसते तर त्या वीतभर मूर्ती फिक्याच राहिल्या असत्या, हेही तितकंच खरं.

दरबारी शिल्पकाराचं रोजचं आयुष्य मात्र कारखान्यातल्या माणसाचंच होतं. केलेल्या कामाच्या नोंदी लिहून द्यायच्या, नव्या कारागिरांना शिकवायचं, कारखान्याच्या वेळेनंतर केलेल्या नमुन्यांचे पैसे वेगळे मागायचे. १७४० ते १७४५ च्या अशा जादा कामाची त्याची यादी शिल्लक आहे. कुठली मूर्ती कधी केली हे आज सांगता येतं ते या हिशेबांमुळे. त्याच्या कामात विनोदी मागण्याही असत. ब्रूलचा शिंपी बोकडावर स्वार झालेला, कात्री आणि गज अंगावर लटकलेले, हा १७३७ चा नमुना. वाद्यं वाजवणाऱ्या माकडांचा ताफा त्यानंतरचा, १७५३ च्या सुमाराचा. पुढे पेटर राइनिके या शिल्पकाराला बरोबर घेऊन केंडलरने तो पुन्हा घडवला. मृत्यूशय्येवरचे सेंट फ्रान्सिस झेवियर हा मोठा धार्मिक समूह १७३८ ते १७४० मधला. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे तेच हे झेवियर.

घोडा

मोठ्या कामाची ओढ मात्र त्याच्यातून गेली नाही. ऑगस्टस तिसऱ्याचा अश्वारूढ पुतळा, दुमजली घराहून उंच, आणि तो पोर्सेलिनचा, ही केंडलरची १७५० च्या दशकातली योजना. छोटा नमुना भाजून निघाला. पूर्ण मापाचा प्लास्टरचा नमुना किल्ल्यावर उभा राहिला. पोर्सेलिनचे तुकडे एकेक करून भाजायचे आणि जुळवायचे असं ठरलं होतं.

हे जमलं असतं का? आकसणं एक षष्ठांश हे सरासरी माप आहे. भट्टीत कुठे ठेवलं, माती किती दाबली, यावर ते थोडं बदलतं. मीटरभर लांब तुकड्यात टक्क्याचा फरक पडला तरी सांध्यात एक सेंटिमीटरची फट राहते, आणि असे शेकडो सांधे. फटी भरता आल्या असत्या, पण हिवाळ्यात त्यांत पाणी गोठलं असतं.

प्रश्न प्रत्यक्षात सुटायची वेळ आली नाही. ऑगस्ट १७५६ मध्ये प्रशियाचं सैन्य सॅक्सनीत शिरलं आणि मायसेनचा कारखाना शत्रूच्या ताब्यात गेला. हेरोल्ट फ्रँकफुर्टला निघून गेला. केंडलर मायसेनमध्येच राहिला आणि प्रशियाच्या फ्रेडरिकच्या मागणीबरहुकूम नमुने करत राहिला. युद्ध फेब्रुवारी १७६३ मध्ये संपलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑगस्टस तिसरा आणि ब्रूल दोघेही वारले. पुतळा मागणारं कुणी उरलं नाही. प्लास्टरचा घोडा नष्ट झाला. राजाचा पोर्सेलिनचा चेहरा तेवढा ड्रेस्डेनला आहे.

१७६४ मध्ये पॅरिसहून मिशेल व्हिक्टर आसिए आला आणि केंडलरच्या बरोबरीने मॉडेलमास्टर झाला. शैली बदलली, सरळ रेघा आणि शांत मुद्रा आल्या. केंडलर १८ मे १७७५ रोजी वारला तोपर्यंत त्याच कारखान्यात होता.

त्याचे नमुने मायसेनमध्ये अजून काढले जातात. माकडांच्या ताफ्यातला बासरीवाला आजही हात, डोकं, कोट असा सुट्या साच्यांतून निघतो आणि कारागीर लापशी लावून त्याचा हात बाहीच्या कडेशी बसवतो.